फक्कीच्या भिंती

सुभेदारांच्या नव्या घराला अजून भिंती नव्हत्या, तरी भिंतीतून आरपार गेल्याबद्दल केरबाला सकाळपासून दोनदा बोलणी खावी लागली होती.

"आरं, भिताडातनं कुटं चाललास? दार काय गावाला दिलंय?" जोतीराम सुभेदार काठी उगारून ओरडले.

खांद्यावर वैरणीचा भारा घेतलेला केरबा, सुभेदारांचा मधला मुलगा, जागच्या जागी थांबला. पायाखाली फक्कीची, चुन्याच्या पांढऱ्या भुकटीची रेघ होती. वाकून बघितलं तर ती खरोखरच भिंत होती, कारण दार पाच पावलं उजवीकडं होतं. तो मुकाट्यानं मागं फिरला, रेघ जिथं सोडली होती तिथून बाहेर पडला आणि वळसा घालून गोठ्याकडं गेला. गोठा म्हणजे चार खुंट्या आणि त्यांना बांधलेली बैलजोडी.

दगडांच्या ढिगावर बसलेला रसूल गवंडी तोंडाला उपरणं लावून हसत होता.

"हस की मोठ्यानं," केरबा त्याला म्हणाला. "उद्यापासनं तुलाच बांधायचीत ही भिताडं."

"बांधतो की. पर तुमी आत्तापासनंच धडका घ्याय लागलाय, गड्या!"

ही सगळी कल्पना सुभेदारांची. गेल्या श्रावणात कृष्णेचं पाणी गावठाणातल्या त्यांच्या घराच्या आढ्याला लागलं, तेव्हा सगळं कुटुंब या माळावरच्या कडुनिंबाखाली येऊन राहिलं होतं. पाणी उतरलं, पण घराच्या भिंती पोटातून ओल्याच राहिल्या आणि सुभेदारांनी ठरवलं की आता माळावरच वस्ती करायची. धाकटा मुलगा नाथाजी दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपवून परत आला होता. पलटणीत तो पूल बांधणाऱ्या, छावण्या आखणाऱ्या तुकडीत हवालदार होता. त्यानं सगळा माळ कागदावर काढून वडिलांपुढं ठेवला. सुभेदारांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कागदावर कुनी ऱ्हात न्हाई. उद्या टिकाव मारायचा, त्याच्या आदी एक दिस सगळ्यांनी फक्कीत ऱ्हायाचं. चुली मांडा, जनावरं बांधा. रेघ म्हंजे भिताड. कुनी रेघ वलांडायची न्हाई." पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत पाय अधू करून आलेल्या या माणसाचा हुकूम घरात आजवर कुणी मोडला नव्हता, त्यामुळे मार्गशीर्षातल्या त्या सकाळी दोन गाड्या भरून संसार माळावर आला.

नाथाजी मात्र आतून खूश होता. अशी तपासणी छावणीतसुद्धा कुणी केली नसती. त्यानं या जमिनीवर जीव लावला होता. रबरी नळीत पाणी भरून त्यानं माळाचा उतार काढला होता. माळ पश्चिमेकडून पूर्वेच्या गाडीवाटेकडं हळूहळू उतरत होता. ठिकठिकाणी खड्डे घेऊन खालची माती पाहिली होती. वर मुरूम हाताला लागत होता आणि वाटेकडं काळी माती खोल होत गेली होती. काठ्यांना चिंध्या बांधून त्यानं वारा कुठून येतो ते पाहिलं होतं. पश्चिमेचा झोड अडवायला करंज आणि चिंचांची रांग लावायची, पावसाचा ओघळ बुजवायचा नाही, काळ्या मातीत आंबे आणि पेरू, असं सगळं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. तिशीच्या आतला गडी, लग्न अजून व्हायचं होतं, पण आपल्या नातवंडांना कोणत्या झाडाची सावली मिळेल हे त्यानं ठरवून टाकलं होतं.

घरं त्यानं वाटेच्या कडेनं एका ओळीत मांडली होती. आधी सुभेदारांचं, मग केरबाचं, मग स्वतःचं. तिन्हींची दारं पूर्वेला, वाटेकडं. दोरी लावून मारलेली फक्की, कुठं बोटभर वाकडी नाही.

"लाईनच हाय की ही," सुभेदार समाधानानं म्हणाले होते. "सुभेदाराचं घर वाटंवरनं दिसलं पायजे."

केरबाच्या घराचा कोपरा काळ्या मातीत उतरत होता, हे नाथाजीला माहीत होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते आणि वरच्या भिंतीला चिरा पाडते. पण वडिलांना ओळ आवडली होती आणि खरं सांगायचं तर त्यालाही आवडली होती. पाया खोल घेऊ, असं त्यानं स्वतःला समजावलं.

अंजनाला त्या ओळीत घर नव्हतं.

ती थोरल्याची, लालासाहेबाची बायको. लालासाहेब इटलीत कामी आला, त्याला आता दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सुभेदारांच्या घरात, स्वयंपाकघराच्या मागं तिच्यासाठी एक खोली आखली होती. सकाळी ती त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. पितळी डबा आणि वळकटी कोपऱ्यात ठेवली. मग काय करायचं ते तिला समजेना. त्या खोलीला बाहेर जायचं दार नव्हतं. स्वयंपाकघरातून यायचं आणि स्वयंपाकघरातूनच जायचं. थोडा वेळ थांबून तिनं डबा उचलला आणि मागं चढावर कडुनिंबाखाली गेली. तिथं जुना आड होता, आणि श्रावणात तिनंच मांडलेल्या चुलीचे तीन काळे दगड अजून होते. तिनं त्यावर चहाचं आधण ठेवलं.

तिचा भाऊ नानासो माहेरहून, आष्ट्याहून गाडी घेऊन आला तेव्हा ती तिथंच बसली होती.

"तुझं घर कंचं ह्यातलं?" त्यानं खाली पसरलेल्या पांढऱ्या रेघांकडं हात केला.

"मामंजींच्या घरात खोली हाय, दादा."

"बघितली. नाथाजीनं दावली. दान्याची पोती ठेवायची जागा हाय ती."

अंजनानं आधण उतरवून गाळलं. तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला.

"माजं ऐक," नानासो आवाज उतरवून म्हणाला. "उद्या टिकाव पडला, पाया भरला, की पुन्ना कुनी बदलनार न्हाई. जलमभर दुसऱ्याच्या सैपाकघरातनं ये-जा करशील. त्यापरीस चल आष्ट्याला. मी हाय न्हवं?"

"तितं मी कोन, दादा? वैनी चार दिस ताट वाढंल, पाचव्या दिशी मी पाव्हनी."

"मग हितं कोन हाईस?"

हा प्रश्न तिला झोंबला, कारण तोच ती स्वतःला दोन वर्षं विचारत होती. इथं ती राबत होती, तिला कुणी वावगा शब्द बोललेलं नव्हतं, सासरा तर तिच्या हातच्या चहाशिवाय दिवस सुरू करत नव्हता. पण सगळ्यांच्या संसारात तिची मदत होती आणि तिचा असा संसार कुठंच नव्हता. तिला आष्ट्याला जायचं नव्हतं. तिला इथंच राहायचं होतं, पण तिच्याकडं कुणी आलं तर "ये, बस" म्हणायला स्वतःचं दार हवं होतं.

"तुमी मामंजींशी बोला," ती म्हणाली. "न्हाई म्हनले, तर येती मी."

नानासोनं मान हलवली. दिवस मावळायच्या आत गाडी जुंपायची, असं त्याच्या मनानं घेतलं.

इकडं चंद्राबाईचा वेगळाच घोळ सुरू होता. चंद्राबाई केरबाची बायको, तोंडानं फटकळ आणि मनानं हिशेबी. नवं घर होणार म्हणून दोन महिने ती हरखून गेली होती. आपली चूल, आपली दुरडी, आपलं मीठ. मोठ्या जावेशी, आक्काशी, तिचं भांडण नव्हतं, पण एका स्वयंपाकघरात दोघी असल्या की पिठाचा डबा कुठं ठेवायचा यावरूनसुद्धा दिवस करपायचा. आज पहिल्यांदा ती तिच्या फक्कीतल्या स्वयंपाकघरात एकटी बसली होती. थोड्या वेळानं तिला बोलायला कुणी नाही हे जाणवलं. डोक्यावर ऊन आलं. मागं वळून पाहिलं तर कडुनिंबाखाली सावली होती, आड होता आणि आक्का होती.

सुभेदार वाटेकडं तोंड करून बसलेत, हे बघून तिनं काटवट उचलली आणि पिठासकट मागच्या भिंतीतून पार झाली.

"दारातनं ये की," अंजना हसून म्हणाली.

"दारातनं आलं तर सगळ्या माळाला फेरा पडतुया. कुनी केली ही दारं तिकडं? रस्त्यावर कोन भाकरी थापतंय?" चंद्राबाई धपकन बसली. "आक्का, एक इचारू? पाव्हणं न्यायला आल्यात व्हय?"

"व्हय."

चंद्राबाईचा हात पिठात थांबला. आक्का गेली तर स्वयंपाकघराची ओढाताण कायमची संपणार, हे तिच्या आधी लक्षात आलं. सासऱ्याचा चहा-भाकर आपल्या गळ्यात पडणार, हे त्याच्या मागोमाग लक्षात आलं. आणि मग, तिलाही नवल वाटावं असं, तिसरंच काही आठवलं. गेल्या श्रावणात तिच्या पोराला ताप भरला तेव्हा याच झाडाखाली आक्का त्याला मांडीवर घेऊन बसून राहिली होती.

"तुमी माज्या सैपाकघरात नको हाईसा," ती म्हणाली. "खरं सांगती. पर आष्ट्याला बी नको हाईसा."

अंजनाला हसूही आलं आणि डोळेही भरले.

दुपारी जेवायला एकेक जण तिथंच गोळा झाला. केरबा बैलांना पाणी दाखवायला आडावर आला आणि बसला. नाथाजी उताराचं काहीतरी बघायला आला आणि भाकरी घेऊन बसला. रसूल आला. सुभेदार काठी टेकत आले, "इतं काय भरलंय?" म्हणून रागावले आणि अंजनानं पुढं केलेला चहा उभ्या उभ्या प्याले. चहा पिऊन ते ओळीची पाहणी करायला गेले, थोड्या वेळानं पुन्हा आले. मंडळी तिथंच होती.

उन्हं कलली तेव्हा नानासोनं विषय काढला. सगळ्यांसमोर काढला, हे त्यानं बरं केलं की वाईट, यावर त्या घरात पुढं कितीतरी वर्षं वाद चालला.

"सुभेदार, माज्या बहिणीला ह्या आखनीत एक घर द्या. लहान असू दे. न्हाईतर मी तिला संग घिऊन जातो."

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. "माजं घर ते तिचं घर. येगळं घर कशाला?"

"तिला दार न्हाई त्यात."

"दार!" त्यांनी काठी आपटली. "पाव्हणं, येगळी चूल मांडली तर गाव काय म्हनंल? पोरगा लढाईत पडला आन् बापानं सुनंला भाईर काढली! हे ऐकायला मी जित्ता ऱ्हायलोय?"

बोलणं मोठं होतं, पण त्यामागं एवढंच नव्हतं. सुभेदारांना भीती वाटत होती. लालासाहेबाचं या घरात जे काही उरलं होतं ते अंजनाच्या रूपानं उरलं होतं. ती डोळ्यांसमोर असली की पोरगा कुठंतरी पलटणीत आहे आणि रजेवर येईल असं त्यांना अजून क्षणभर वाटायचं. ती दुसऱ्या छपराखाली गेली की ते वाटणं संपणार. हे ते कुणाला सांगू शकत नव्हते, म्हणून गावाचं नाव पुढं करत होते.

"आबा, वैनीला घर आखायला जागा लय हाय," नाथाजी हळूच म्हणाला. "वळीच्या शेवटी..."

"तू गप. हवालदार हाईस, हवालदारागत ऱ्हा."

केरबानं एकदा बायकोकडं पाहिलं, आणि चंद्राबाईनं डोळ्यांनी 'बोला' म्हटल्यावर तो खाकरला. "आबा, वैनीचं खरं हाय," एवढंच त्याला जमलं, पण वडिलांसमोर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ते केलं होतं.

"तू बी?" सुभेदार म्हणाले.

मग अंजना उठली. पदर सावरून सासऱ्यापुढं उभी राहिली.

"मामंजी, मला तुमच्यापास्नं तुटायचं न्हाई. मला भाईर बी पडायचं न्हाई. मला उंबरा पायजे. माज्या उंबऱ्यात तुमी याल, मी तुमाला बसा म्हनंन, एवढंच."

सुभेदारांनी काठी उचलली. ते वळले आणि ताठ मानेनं खाली ओळीकडं निघून गेले. नानासोनं बहिणीची वळकटी उचलून गाडीत टाकली आणि बैल सोडून आणायला गेला.

नाथाजीला राग आवरेना. वडिलांवर काढता येत नव्हता म्हणून तो कामावर काढायचं ठरवून फक्कीचं घमेलं घेऊन ओळीकडं आला. सकाळच्या मुहूर्ताला रेघा ठळक हव्या होत्या. वाटेकडची भिंत त्यानं पाहिली. ती सकाळी मारली तशीच होती. दारंसुद्धा तशीच, त्यातून दिवसभरात फारसं कुणी गेलेलंच नव्हतं. तो मागच्या अंगाला आला आणि थबकला.

मागची भिंत उरलीच नव्हती.

केरबाच्या घराची मागची रेघ जनावरांच्या खुरांनी आणि चंद्राबाईच्या पावलांनी पुसून गेली होती. त्याच्या स्वतःच्या घराची रेघ त्यानं स्वतःच तुडवली होती, त्याच्या पलटणीच्या बुटांचे ठसे तिथं स्पष्ट होते. पांढरी पावलं सगळीकडून निघून चढावर एकाच जागी गेली होती, कडुनिंबाकडं. एखाद्या ओघळाला चहूकडून पाणी मिळावं तशा वाटा पडल्या होत्या. तो घमेलं तसंच धरून बघत राहिला. आपण किती गाढव, हे त्याला लख्ख कळलं. छावणी आखताना शिपाई कुठं जमतात हे कुणी विचारत नाही, त्यांना शिट्टी मारून जमवतात. घर काही शिट्टीवर चालत नाही.

"आबा!" त्यानं हाक मारली. "हिकडं या जरा."

सुभेदार आले. मोडलेली रेघ पाहून त्यांचा पारा पुन्हा चढला. "कुनी मोडली ही? सकाळधरनं वरडतोय मी!"

"सगळ्यांनी. मी बी त्यात हाय. आबा, माती बघितली मी, वारा बघितला, पान्याचा वगळ कुटनं जातोय ते बघितलं. मानसं कुटं जात्यात ते बघायचं ऱ्हायलं. आपन त्या झाडाकडं पाट करून घरं मांडली, आन् सगळी तिकडंच जाया लागली."

"मी न्हाई मोडली."

नाथाजी सुभेदारांच्या घराच्या मागच्या रेघेपाशी जाऊन उभा राहिला. रसूलही मागोमाग आला होता. त्यानं खाली पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहायला लागला.

फक्कीत काठीच्या लोखंडी बुडाचे गोल ठसे होते. एक-दोन नव्हे, खच पडला होता. जाताना आणि येताना, पुन्हा जाताना. ते ठसे स्वयंपाकघरामागच्या खोलीच्या रिकाम्या चौकोनातून, जिथं दार नव्हतं तिथून, सरळ अंजनाच्या चुलीकडं गेले होते.

सुभेदारांनी काठीचं बूड एका ठशावर टेकवून पाहिलं. ते बरोबर बसलं.

"सकाळी पयला च्या घ्यायला गेल्तो," ते स्वतःशीच म्हणाले. मग आवाज पडला. "बाकीच्या येळंला च्या नव्हता रं. उगंच गेल्तो."

वर झाडाखाली नानासो गाडीला बैल जुंपत होता.

सुभेदारांनी नाथाजीच्या हातातलं घमेलं घेतलं. "पाव्हणं, बैल सोडा!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की बैलांनीसुद्धा कान टवकारले. "नाथा, ही वळ पुसून टाक. घरं वर घ्यायची, झाडाच्या भवतीनं. माजं मागं, पच्छिमेला. ह्या दोघांची दक्षिनेला, तोंडं उत्तरंकडं."

"उत्तरंच्या अंगाला?" केरबानं विचारलं. "तितलं दार दक्षिनेला हुईल, आबा."

"तितं गोठा. जनावरास्नी दिशा कळत न्हाई."

"आन् मुरूम बी वरच हाय," नाथाजीला आता गप्प राहवेना. "पाया उथळ चालंल. खालची काळी सगळी बागंला ऱ्हाईल!"

"ते आदी का सांगितलं न्हाईस?"

"तुमी वळ मागितली."

सुभेदारांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली हसू आलं. अधू पाय ओढत ते चढावर गेले. आडावर पाणी भरणाऱ्या अंजनापुढं त्यांनी घमेलं धरलं.

"माज्या घराच्या शेजारी जागा हाय. मधी एकच भिताड. दार कुटं पायजे ते तू आख."

अंजनानं घमेल्यात हात घातला. तिनं वाकून फक्की सोडली आणि दगडी चुलीच्या समोर, पूर्वेला तोंड करून, एक उंबरा ओढला. रेघ मधेच जाड झाली, शेवटाला वाकडी गेली. नाथाजी सवयीनं दोरी घेऊन पुढं झाला.

"ऱ्हाऊ दे," सुभेदार म्हणाले. "ती तशीच बांधायची, रसूल."

"तशीच बांधतो, सुभेदार."

चंद्राबाई डोळ्याला पदर लावून केरबाला म्हणाली, "बघा, आडाच्या जवळची जागा आक्कालाच गेली," आणि स्वतःच हसली.

अंजना त्या रेघेपलीकडं जाऊन उभी राहिली. आजूबाजूला भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, नुसता संध्याकाळचा माळ होता. सुभेदार पुढं आले. रेघ त्यांच्या काठीच्या अंतरावर होती. बाजूनं सगळं मोकळं होतं, कुठूनही आत जाता आलं असतं. ते रेघेच्या अलीकडं थांबले, पायातली पायताणं काढून बाजूला ठेवली आणि खाकरले.

"अंजना," ते म्हणाले, "आत येऊ का?"

"या की, मामंजी," ती म्हणाली. "बसा. च्या टाकती."